भारती मुखर्जी यांची ‘जॅस्मिन’: वाचनगटात घेण्याआधी

परदेशी गेलेल्या भारतीय बाईची कादंबरी म्हटलं की ठाणे-नवी मुंबईतल्या वाचनगटांच्या डोळ्यांपुढे एक ठरलेलं चित्र येतं: न्यू जर्सी, आयटीतला नवरा, एच-४ व्हिसावर घरी बसलेली बायको, सहा महिन्यांसाठी गेलेले सासू-सासरे. ‘जॅस्मिन’मध्ये यातलं काही नाही. कादंबरी १९८९ची; आयटीवाल्यांचा एच-१बी व्हिसा ज्या कायद्याने आला तो १९९०चा. इथली नायिका खोट्या कागदांवर निघते आणि कोळंबीच्या ट्रॉलरमधून फ्लोरिडाच्या किनाऱ्याला लागते. कुणाच्या सुनेची गोष्ट शोधायला बसलात तर पन्नास पानांत कंटाळाल.

जालंधर जिल्ह्यातल्या हस्नापूरची ज्योती. सात वर्षांची असताना ज्योतिषी तिचं भविष्य सांगतो: वैधव्य आणि परागंदा होणं. चौदाव्या वर्षी लग्न, सतराव्या वर्षी साडीच्या दुकानातल्या बॉम्बस्फोटात नवरा प्रकाश जातो. गोष्ट सांगते तेव्हा ती चोवीस वर्षांची आहे, आयोवातल्या बड नावाच्या एका बँकवाल्याबरोबर राहते, पोटात त्याचं मूल आहे आणि नाव आहे जेन.

म्हणजे भाकीत अक्षरशः खरं ठरलं. बरेच वाचक इथेच थांबतात आणि पुस्तकावर ‘दैववादी’ असा शिक्का मारतात. मात्र मुखर्जींनी कादंबरीच्या तोंडी उतारा घेतलाय तो जेम्स ग्लाइक यांच्या ‘केऑस’ (म्हणजे गोंधळ) या विज्ञानाच्या पुस्तकातून, आणि तो शोभेसाठी नाही. केऑसच्या सिद्धांतात नियम पक्के असतात, तरी पुढचं सांगता येत नाही. १९६१मध्ये एडवर्ड लॉरेन्झ यांनी हवामानाच्या गणितात ०.५०६१२७ऐवजी ०.५०६ हा आकडा घातला आणि काही वेळाने सगळं हवामानच वेगळं निघालं. ज्योतीचंही तसंच. ज्योतिषी दोन टोकं सांगतो, मधल्या वाटेबद्दल त्याला काहीच माहीत नाही. न्यूयॉर्कच्या बागेत हॉटडॉग विकणाऱ्या माणसात तिला प्रकाशचा मारेकरी दिसतो. तेवढ्या एका नजरेने ती बसलेली घडी मोडून आयोवाला पळते. दैव आणि गोंधळ या पुस्तकात एकमेकांविरुद्ध उभे नाहीत. हे पहिल्या बैठकीतच सांगून टाकावं, नाहीतर चर्चा ‘पत्रिका खरी की खोटी’वर घसरते आणि तिथून परत येत नाही.

आता नावं. अमेरिकी समीक्षकांना बाईचं नाव बदलत जाणं फार थरारक वाटतं. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवीन नाव लिहिलेलं पाहत वाढलेल्या वाचकाला त्यात नवल ते काय! म्हणून नावांची यादी करण्यापेक्षा नाव कुणी ठेवलं याची यादी करा. ज्योती आजीने, जॅस्मिन प्रकाशने, जॅझी फ्लोरिडात तिला आसरा देणाऱ्या लिलियनने, जेस न्यूयॉर्कमध्ये ती ज्याच्या घरी मूल सांभाळते त्या टेलरने, जेन बडने. स्वतः पत्करलेलं रूप एकच: बलात्कार करणाऱ्या ट्रॉलरच्या कप्तानाला मारताना ती स्वतःची जीभ चिरून काली होते. ही यादी समोर असली की शेवटाबद्दल वाद आपोआप रंगतो, कारण शेवटीही ती निघते ती टेलरबरोबरच.

वाचनाची सोय अशी. पानं अडीचशेच्या आसपास, इंग्रजी अवघड नाही. तीन बैठका पुरतात. भाग पाडताना ‘आधी पंजाब, मग अमेरिका’ असे पाडू नका. निवेदन आयोवातून मागे-पुढे उड्या मारतं, त्यामुळे पानांवरून सरळ तीन तुकडे करावेत. ए-४ कागद आडवा धरून दोन पट्ट्या आखा, वर आयोवातलं चालू वर्ष, खाली मागचं आयुष्य, आणि प्रत्येक प्रकरण कुठे बसतं त्याची खूण करा. हे न करणाऱ्यांची गाडी टेलर आणि बड यांचा क्रम लावताना हमखास अडते. बलात्कार, खून आणि आत्महत्या यांची कल्पना गटातल्या सगळ्यांना आधी द्यावी.

सगळ्यात सरस भाग न्यूयॉर्कमधल्या फ्लशिंगचा. प्रकाशच्या प्राध्यापकांच्या घरी ती आसऱ्याला जाते. भारतीय शेजार, रोज रात्री हिंदी सिनेमाच्या कॅसेट, विधवेने कसं राहावं याचे न बोललेले नियम. आणि प्राध्यापक? ते प्रत्यक्षात भारतातून आलेले माणसांचे केस निवडायचं काम करतात. मोठेपणाची ती झूल मुखर्जी हसू न करता उतरवतात. घरोघरी ‘आमचा तिकडे मोठ्या पोस्टवर आहे’ ऐकणाऱ्या नौपाड्यात किंवा वाशीत हे प्रकरण एकट्यानेच एक बैठक खाईल. आयोवाचा भागही इथल्या वाचकाला अमेरिकेपेक्षा विदर्भाची आठवण देईल: कर्ज नाकारलेला शेतकरी बँकवाल्यावर गोळी झाडतो, शेजारचा तरुण शेतकरी गळफास घेतो.

उणिवा आहेत, आणि त्या लहान नाहीत. हस्नापूर कुणा परक्याला दाखवायला उभं केल्यासारखं वाटतं. विहीर, वड, ज्योतिषी सगळे वेळेवर हजर. परक्या देशात प्रत्येक वळणावर तिला कुणीतरी भला माणूस भेटतो, हेही जरा जास्तच सोयीचं. कागदपत्रांशिवाय राहणाऱ्या बाईला पकडलं जाण्याची धास्ती असते, ती न्यूयॉर्कनंतर जवळजवळ विरते. लेखिकेला नायिकेच्या वेगाचं एवढं कौतुक आहे की मागे राहिलेल्यांकडे पाहायला तिला फुरसत नाही. व्हीलचेअरवरचा बड हे त्याचं ठळक उदाहरण.

याच नावाची मुखर्जींची एक कथाही आहे, ‘द मिडलमन अँड अदर स्टोरीज’ (१९८८) या संग्रहात. तिथली जॅस्मिन त्रिनिदादची, भारतीय वंशाची. काही गट लहान म्हणून ती आधी घेतात आणि दोघींची सरमिसळ करून बसतात. कादंबरी संपल्यावर, चौथ्या बैठकीला घ्या.