रापा नुई की पिटकेर्न? एकाच बेटावर जाणं होणार असेल तर

पॅसिफिकमध्ये इतक्या लांब बहुतेकांचं आयुष्यात एकदाच जाणं होतं. मग ईस्टर बेट, म्हणजे रापा नुई, निवडावं की पिटकेर्न? नकाशावर दोन्ही शेजारी वाटतात, पण मध्ये सुमारे दोन हजार किलोमीटर समुद्र आहे.

आधी पोचायचं कसं ते पाहू, कारण अनेकांचा निर्णय इथेच लागतो. रापा नुई चिलीचा भाग आहे. सांतियागोहून विमानाने पाच-साडेपाच तास, की उतरलात हांगा रोआ गावात. पिटकेर्न ब्रिटनच्या ताब्यात आहे आणि तिथे विमानतळच नाही. ताहितीहून विमानाने मांगारेवा बेटावर, पुढे जहाजाने जवळपास दीड दिवस. जहाज खोल पाण्यात थांबतं. बेटावरची माणसं लाँगबोट घेऊन येतात, लाटांचा अंदाज घेत थांबतात आणि हवी ती लाट आली की बोट बाउंटी बेच्या धक्क्यात घालतात. वर गावात जाणाऱ्या चढाचं नावच ‘हिल ऑफ डिफिकल्टी’. बोट लागत असेल किंवा रजा मोजून मिळत असेल, तर पिटकेर्नच्या वाटेला जाऊ नका.

रापा नुई सुमारे 163 चौरस किलोमीटरचं, तीन ज्वालामुखींनी बनलेलं. मोआई म्हणजे इथले प्रचंड दगडी पुतळे नऊशेच्या वर आहेत, पण किनाऱ्यावर ओळीने उभे असलेले पाहून परत फिरू नका. रानो राराकूची खाण पाहाच. बहुतेक पुतळे तिथल्याच दगडातून घडले. काही अजून पाठीकडून डोंगराला चिकटून आडवे पडलेत, त्यातला एक तर एकवीस मीटर लांब. चेहरा, नाक, कान सगळं कोरलेलं, फक्त डोळ्यांच्या खोबणी नाहीत. त्या पुतळा आपल्या चौथऱ्यावर, आहूवर, उभा राहिल्यावरच कोरत आणि त्यात पांढऱ्या प्रवाळाचे डोळे बसवत.

‘इथल्या लोकांनी झाडं तोडली आणि स्वतःचा नाश ओढवून घेतला’, ही गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. जंगल गेलं हे खरं. पण 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राचीन जनुकांच्या अभ्यासात सतराव्या शतकात लोकसंख्या कोसळल्याची खूण सापडली नाही. खरा घाला 1862 मध्ये पडला. पेरूहून आलेल्या टोळ्यांनी शेकडो माणसं गुलाम म्हणून पळवली, जी थोडी परतली त्यांच्याबरोबर देवी आल्या. 1877 मध्ये बेटावर 111 माणसं उरली होती. 1888 मध्ये चिलीने बेट घेतलं, पुढे जवळजवळ सगळी जमीन मेंढ्यांना दिली आणि मूळ रहिवाशांना हांगा रोआत कोंडलं. नागरिकत्व मिळालं थेट 1966 मध्ये. आज राष्ट्रीय उद्यानाचा कारभार त्यांच्याच मा’उ हेनुआ या संस्थेकडे आहे आणि बहुतेक ठिकाणी स्थानिक वाटाड्या सक्तीचा आहे. तो खर्च आनंदाने करा.

पिटकेर्न जेमतेम साडेचार चौरस किलोमीटर, वस्ती चाळीस-पन्नासची. त्याची गोष्ट सुरू होते नीरफणसापासून. कोकणात ज्याचे काप करतो तोच. वेस्ट इंडिजमधल्या गुलामांना स्वस्तात खाऊ घालायला त्याची रोपं ताहितीहून नेणाऱ्या बाउंटी जहाजावर 1789 मध्ये बंड झालं. बंडखोरांनी लपायला हे बेट निवडलं, कारण नकाशात त्याची जागाच चुकलेली होती. 1790 च्या जानेवारीत त्यांनी जहाज जाळलं. त्यांच्याबरोबर पॉलिनेशियन पुरुष आणि बायका होत्या. थोड्याच वर्षांत बहुतेक पुरुष एकमेकांच्या हातून मेले. 1808 मध्ये एक अमेरिकन जहाज आलं तेव्हा बंडखोरांपैकी एकटा जॉन अॅडम्स जिवंत होता. वस्ती टिकली ती त्या बायकांमुळे, असं मला ठामपणे वाटतं. बायकांना मताचा अधिकार इथे 1838 मध्येच मिळाला. पण 2004 मध्ये बेटावरच्या काही पुरुषांना मुलींवरच्या लैंगिक अत्याचारांसाठी शिक्षा झाली, हेही जाण्याआधी माहीत असायला हवं. सोळा वर्षांखालचं मूल बरोबर न्यायचं तर आधी परवानगी काढावी लागते.

पिटकेर्नवर राहायचं ते त्या बंडखोरांच्या आणि बायकांच्या वंशजांच्याच घरी, जेवायचं त्यांच्याच टेबलावर.

माझा कौल? दोन आठवड्यांची रजा असेल तर रापा नुई, यात मला शंका नाही. दोन महिने मोकळे असतील आणि दगडांपेक्षा माणसांत जीव रमत असेल, तर पिटकेर्न. फक्त तिकिटं काढण्याआधी जहाजाच्या तारखा पाहा आणि मगच विमानाचं ठरवा, उलटं नको.