शाफ्ट रिबिल्डच्या नावाखाली 14 हजार गेले, जुनी गाडी असणाऱ्यांनी नक्की वाचा

माझ्याकडं 2005 ची ऑक्टाव्हिया आरएस आहे, 1.8 टर्बो. ऑक्टाव्हिया आपल्या शेंद्र्यातच बनायच्या, पण आता जुन्या आरएसचा पार्ट म्हणलं की सगळे हात वर करतात. दिवाळीपासून स्टेअरिंग पूर्ण वळवून गाडी उचलली की उजव्या चाकातून कट कट आवाज यायलाता, म्हणजे चाकाकडचा, बाहेरचा सीव्ही जॉइंट गेलेला. इंजिनची ताकद चाकापर्यंत नेतो तो दांडा म्हणजे शाफ्ट, आणि चाक वळलं तरी तो फिरत राहावा म्हणून त्याच्या टोकाला असतो तो सांधा म्हणजे हा जॉइंट, आत खाचांमध्ये बॉल फिरतात.

संभाजीनगरला एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपवाल्यानं सांगितलं, दादा नवीन कशाला, दोन्ही शाफ्ट रिबिल्ड करून देतो, आतल्या खाचा ग्राइंड करून मोठ्या साइजचे बॉल टाकतो, वर्षाची गॅरंटी, 14 हजार द्या. मी जालन्याचा, रोज जाणं जमत नव्हतं म्हणून गाडी तिथंच ठेवून आलो आणि इथंच चुकलं. चार दिवसांनी शाफ्ट चकाचक काळे, बूट म्हणजे जॉइंटवरची रबरी टोपणं नवी, आवाज बंद. पैसे कॅश दिले, त्यानं वहीच्या कागदावर आकडा लिहून दिला.

पाचशे किलोमीटर पण झाले नसतील, घरच्यांना घेऊन घृष्णेश्वराला चाललो होतो, दौलताबादच्या घाटात वळणावर परत तोच आवाज. मागून आई विचारायली, काय वाजायलंय रे. मला घामच फुटला.

जालन्यात एका जुन्या फिटर मामांनी माझ्यासमोर बूटची क्लिप कापली. सीव्ही जॉइंटला काळं मॉली (मॉलिब्डेनमवालं) ग्रीस लागतं, यात व्हील बेअरिंगचं लाल ग्रीस कोंबलेलं. डिझेलनं धुतलं तर सहाही बॉल जुनेच, खाचेत नख फिरवलं की अडकत होतं, आणि बॉल ज्या केजमध्ये बसतात तिच्या खिडक्या झिजून बॉल खुळखुळायले. हबचा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाचा, मोठा नट पण जुनाच आवळलेला, तो दरवेळी नवा टाकायचा असतो. आधीच्या मालकानं उजव्या जॉइंटवर कानशीनं एक खूण केलेली, ती मला डाव्या बाजूला सापडली! म्हणजे जॉइंट फक्त डावे उजवे बदलून रंग मारला. तसं केलं की लोड खाचेच्या कमी झिजलेल्या बाजूवर येतो आणि आवाज काही दिवस दबतो. हा जुगाड जुनाच आहे, तसं सांगून मजुरी घेतली असती तर माझं काही म्हणणं नव्हतं, पण याला रिबिल्ड म्हणणं सरळ चोरी आहे.

मामा म्हणाले खरंच ग्राइंड करायचं तरी वरचा कडक थर थोडाच असतो, तो निघाला की खाच लवकर खाते, म्हणून किती घासलं ते मोजून सांगणाराच माणूस बघा.

फोन केला तर म्हणतो तुम्ही गाडी दाबून चालवली असेल. पक्कं बिल नाही, काय बोलणार.

कुणी शाफ्ट देत असाल तर आधी जॉइंटवर सेंटर पंचनं (ठोकून ठिपका पाडायचं टोकदार हत्यार) खूण करा, रंगाखाली पण ती राहते, खोलताना समोर थांबा, जुने बॉल आणि केज परत मागा, बिलावर कामाचं नाव लिहून घ्या. नवे जॉइंट मी पुण्याहून मागवलेत. जुने दोन्ही धुऊन घरी ठेवलेत, जालना भागातल्या कुणाला झिजलेली खाच कशी दिसते ते बघायचं असेल तर या, हातात देतो.