नोकरी सांभाळून मास्टर्स: जॉर्जिया टेक ऑनलाइन की आयआयटीचं एम.टेक.?

हिंजवडीत चार-पाच वर्षं कोड लिहून झाला की पुढच्या शिक्षणाचे वेध लागतात. गेट ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत पूर्णवेळ एम.टेक. करायचं तर दोन वर्षं पगार बंद आणि हातात दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन. त्यात गृहकर्जाचा हप्ता भागत नाही. पण प्राध्यापक समोर असतात आणि कॅम्पस प्लेसमेंटची संधी पुन्हा मिळते.

जॉर्जिया टेक या अमेरिकन विद्यापीठाचा कॉम्प्युटर सायन्समधला ऑनलाइन एमएस २०१४ पासून चालू आहे. एकूण दहा विषय. एका सत्रात एकच घेतला तरी चालतो. भर मशीन लर्निंगवर द्यायचा की सिस्टीम्सवर, हे आपण ठरवायचं. खर्च सगळा मिळून दहा हजार डॉलरच्या आत. प्रवेश त्यामानाने सोपा, निभावणं अवघड: पहिल्या वर्षभरात दोन पायाभूत विषयांत किमान 'बी' ग्रेड हवाच. ग्रॅज्युएट अल्गोरिदम्स या विषयाच्या जागांवर तर अशा उड्या पडतात की तो बऱ्याच जणांच्या वाट्याला शेवटी येतो, ऐन पदवीच्या तोंडावर. आणि शनिवार-रविवार? ते विसरायचेच.

बढती हवी असेल किंवा टेस्टिंगमधून डेटाकडे वळायचं असेल, तर माझं मत ऑनलाइनला. पीएचडी डोक्यात असेल तर मात्र सरळ गेटचा फॉर्म भरा.