सोलर पंपाच्या नावाखाली माझे 41 हजार गेले, फॉर्म भरायच्या आधी हे वाचा

लिहू का नको करत महिना गेला. पण परवा भावकीतला एक जण मला आलं होतं तसंच सोलर पंपाच्या मंजुरीचं खोटं पत्र मोबाईलवर घेऊन दारात आला, तेव्हा ठरवलं की आता सगळं सांगायचं.

आमची नगर जिल्ह्यात चार एकर जमीन, विहिरीवर 5 एचपीची मोटर. लाइटचं सगळ्यांना माहितीय, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की गव्हाला दारं धरायला बॅटरी घेऊन जायचं, आणि आमच्याकडे बिबट्या आता उसातच राहतो असं म्हटलं तरी चालेल. आण्णांचं वय सत्तरच्या पुढं, तरी मी एकटा नको म्हणून सोबत येतात. म्हणून सोलर पंप पाहिजे होता, एवढंच. दिवसा पाणी भरता आलं पाहिजे.

सोलर पंपाला अनुदान देणारी केंद्राची कुसुम योजना आहे हे ऐकून होतो, म्हणून मोबाईलवर कुसुम सोलर पंप असं सर्च केलं आणि वरतीच जी साईट आली ती उघडली. पंतप्रधानांचा फोटो, सिंहाची मुद्रा, मराठीतनं माहिती, सगळं होतं. नाव, गाव, गट नंबर, क्षेत्र, मोबाईल भरला, सातबाऱ्याचा आणि आधारचा फोटो टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन. "दादा, तुमचा अर्ज मंजुरीला आलाय, गट नंबर एवढा एवढा, क्षेत्र चार एकर, बरोबर ना?" मराठी एकदम स्वच्छ, आवाजात घाई नाही. माझा गट नंबर त्याला माहितीय म्हणजे हा ऑफिसचाच माणूस, असं मी धरून चाललो. तो गट नंबर मीच आदल्या दिवशी त्या साईटवर भरला होता हे डोक्यातच आलं नाही. आज लिहिताना पण याचा त्रास होतो.

तो बोलत होता त्यातलं बरंचसं खरं होतं, आणि माणूस फसतो ते तिथंच. कुसुम योजना 2019 ला सुरू झाली हे खरं. आपल्या राज्यात पंपाच्या किमतीत शेतकऱ्याचा हिस्सा 10 टक्के आणि अनुसूचित जाती जमातीसाठी 5 टक्के हे पण खरं. अडीच एकरापर्यंत 3 एचपी, पाच एकरापर्यंत 5 आणि त्याच्यावर साडेसात, हे पण बरोबर, म्हणजे मला 5 एचपीच बसतो. पाच वर्षं दुरुस्ती कंपनीकडं, इन्शुरन्स आहे, हे पण योजनेत आहे. मी मधनं मधनं पेपरात वाचलेलं सगळं तो जुळवून सांगत होता त्यामुळं शंका यायला जागाच राहिली नाही. खोटी फक्त एकच गोष्ट होती, पैसे कुठं जाणार ती.

पहिले 5,600 रजिस्ट्रेशनचे. ते पाठवल्यावर तासाभरात व्हॉट्सॅपवर मंजुरी पत्र आलं, मंत्रालयाचं नाव, गोल शिक्का, सही, माझा फोटो पण लावलेला. घरात सगळ्यांना दाखवलं. मग 31,200 हिश्श्याचे, "या आठवड्यात कोटा संपतोय दादा, नंतर पुढच्या वर्षीच". कांद्याची पट्टी नुकतीच जमा झाली होती, त्यातनं पाठवले. पाठवताना स्क्रीनवर कुठल्या खात्याचं नाही तर एका माणसाचं नाव आलं. मी विचारलं सुद्धा. तो म्हणाला ते आमचे कॅशिअर आहेत. आणि मी बटण दाबलं. मग 4,750 इन्शुरन्सचे. चौथ्या वेळी गाडीभाडं म्हणून 9 हजार मागितले तेव्हा बायको म्हणाली, "अहो, एकदा वायरमनला तरी विचारा." तिचं ऐकलं म्हणून तेवढे वाचले.

वायरमनने पत्र बघितलं आणि गाडीवर बसवून महावितरणच्या सबडिव्हिजन ऑफिसला नेलं. तिथल्या साहेबांनी नंबर टाकला, असा अर्जच नाही. मग त्यांनी विचारलं, "विहिरीवर आधीचं लाइटचं कनेक्शन आहे का?" आहे म्हटलं. तर म्हणाले मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत तुम्ही बसतच नाही, ज्याच्याकडं पाण्याची सोय आहे पण पंपाला वीज कनेक्शन नाही त्याच्यासाठी ती आहे. खऱ्या योजनेत जो प्रश्न सगळ्यात आधी विचारतात तो त्या माणसाने चार दिवसांत एकदाही विचारला नव्हता. साहेब असंही म्हणाले की कनेक्शन असलेल्यांसाठी फीडरच, म्हणजे शेतीला वीज देणारी लाईनच, सोलरवर नेण्याचं काम चालू आहे, मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0, त्यात शेतकऱ्याने एक रुपया भरायचा नसतो. मला हे माहितीच नव्हतं. कुणी गावात येऊन नीट सांगितलंही नव्हतं, आणि याचा मला राग आहे. योजना ढीगभर, नावं सारखी, कुसुम वेगळी, मागेल त्याला वेगळी, वाहिनी वेगळी, साधा माणूस गोंधळणार नाही तर काय.

त्याच्यापुढची चूक जास्त मोठी आहे. घरी येऊन मी सहा दिवस गप्प बसलो. गावात कळलं तर काय म्हणतील, आण्णांना काय सांगू, यातच गेले. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन केला तेव्हा पलीकडच्या बाईंनी पहिलं विचारलं पैसे कधी गेले. त्या नंबरवर लगेच तक्रार गेली तर पैसे पुढच्या खात्यात असतानाच अडवता येतात. माझे तोपर्यंत दोन तीन खाती फिरून काढून घेतले होते, अडवायला काही उरलंच नव्हतं. पैसे गेले कळलं की त्याच मिनिटाला 1930 लावा, लाज नंतर.

खरं कसं चालतं ते पण सांगतो कारण मला आता माहितीय. कुसुमची केंद्राची साईट पीएमकुसुम डॉट एमएनआरई डॉट जीओव्ही डॉट इन, आणि मागेल त्यालाची महावितरणची, ती महाडिस्कॉम डॉट इन वर आहे. डॉट ओआरजी, डॉट कॉम असल्या बनावट साईटबद्दल केंद्राच्या मंत्रालयाने स्वतः सावध केलेलं आहे, त्यांचा टोल फ्री 1800-180-3333. हिस्सा पोर्टलवरनंच भरायचा, कुणाच्या फोन नंबरवर नाही. कंपनी यादीतनं आपण निवडायची, मग शेतात येऊन पाहणी होते. माझ्या शेतात कुणी पाऊलही न ठेवता मंजुरी आली होती. काहीच समजत नसेल तर सबडिव्हिजनला जा, अर्धा दिवस मोडेल पण जा.

भावकीतल्या त्या पोराने अजून एक रुपया दिला नव्हता. त्याच्या पत्रावरची सही आणि शिक्का माझ्याच पत्रासारखा, कॅशिअरचं नाव तेवढं दुसरं. त्याला घेऊन पोलीस स्टेशनला गेलो, दोन्ही पत्रं आणि नंबर दिले.

आणि काल मला नवीन फोन आला, बाई होती, म्हणे सोलरमधे गेलेले तुमचे 41,550 परत मिळवून देतो, 2,500 फाईल चार्ज भरा. रक्कम अगदी बरोबर सांगितली. तो नंबर पण आज पोलिसांना दिलाय. तुम्हाला असा फोन आला तर बोलत बसू नका, ठेवून द्या.