काच वाळायच्या आत पैसे घ्या

गेल्या ऑक्टोबरात गोव्यातल्या वागातोरच्या टेकडीवरच्या तीन बंगल्यांच्या काचा मी आणि माझ्या भाच्याने सहा दिवस घासल्या. उक्तं काम, ३४,००० रुपयांना ठरलेलं. हातात आले ५,०००. भाच्याची रोजची ८०० प्रमाणे मजुरी ४,८०० झाली, ती त्याच दिवशी दिली. राहिले २०० रुपये, त्यात ब्लेडचा खर्चसुद्धा निघाला नाही. बाकीचे २९,००० कुठे गेले हे मला आता माहीत आहे. कोणाच्या खात्यातून निघाले, कोणाच्या खात्यात थांबले, तारखेसकट माहीत आहे. एवढं कळायला मला दोन महिने लागले. दुसऱ्या कोणाला लागू नयेत म्हणून लिहितोय.

मी डिचोलीचा. अकरा वर्षं काचा पुसतोय. आधी एका हॉटेलात नोकरी होती, मग स्वतःची शिडी, बादली, वायपर घेऊन बाहेर पडलो. या धंद्याची एक खोड आहे, ती धंद्यात पडल्याशिवाय कळत नाही. सुताराने दार बसवलं आणि मालकाने पैसे बुडवले, तर दार तिथे दिसतं तरी. आमचं काम झालं म्हणजे काय, तर काचेवर काही नाही. आणि हे ‘काही नाही’ समुद्राच्या बाजूला चार दिवस टिकतं. खाऱ्या वाऱ्याने काच मीठ धरते, आठव्या दिवशी बोट फिरवलं की रेघ उठते. महिन्याने बिल मागायला जा, समोरचा माणूस तीच काच दाखवून विचारतो, ‘‘पुसली होती कधी?’’ अशा वेळी काय सांगणार?

म्हणून पैशाची पद्धत ठरवताना मी आधी वस्ती बघतो. पणजीत फोंताइन्यासला एक म्हातारी बाय आहे, तिच्या जुन्या घराला शिंपल्यांच्या चकत्या बसवलेल्या खिडक्या आहेत. त्यांना पाणी लावायचं नाही, कोरड्या मऊ कुंचल्याने एकेक चौकट झाडायची. काम सुरू करायच्या आधी ती म्हणणार, ‘‘पयलीं चाव घे,’’ म्हणजे आधी चहा घे. निघताना पाकीट तयार, आत मोजून पैसे. तिच्याकडे मी भाव बोललेलोच नाही कधी. आमच्या डिचोली-साखळीकडे चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधी घरं झाडतात तेव्हा बोलावणं येतं, पैसे कधी चवथीनंतर मिळतात, पण मिळतात. म्हापशाच्या दुकानांत ‘‘फाल्यां दितां रे’’, उद्या देतो, हे ऐकायची सवय ठेवावी लागते. पर्वरीच्या सोसायट्यांचं वेगळंच. तिथे बोलावतो सेक्रेटरी, चेकवर सह्या दोघांच्या, आणि त्यातला एक नेमका मुलाकडे बंगळूरला गेलेला. एका सोसायटीचा माझा चेक परत आला, कारण सही जुन्या खजिनदाराची होती. तो त्यांनी बदलून दिला. चेक मी एवढ्यासाठीच घेतो. तारखेपासून तीन महिने चालतो, आणि पैसे नसल्यामुळे परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस पाठवता येते. नोटीस पोचल्यावर पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत तर चेकच्या कायद्यातल्या कलम १३८ खाली कोर्टात जायची वाट उघडते. तोंडी शब्दाला अशी कुठलीच वाट नसते.

फसलो मात्र नव्या वस्तीत. आसगाव, शिवोली, वागातोर या पट्ट्यात आता असे बंगले खूप आहेत, ज्यांचा मालक वर्षातून पंधरा दिवस येतो. एरवी चावी दुसऱ्याच्या हातात. त्या दुसऱ्याला कोणी केअरटेकर म्हणतं, कोणी मॅनेजर. बहुतेक जण सरळ असतात, त्यांच्यातल्या दोघांबरोबर मी आजही काम करतो.

हा तिसरा. सप्टेंबरच्या शेवटी त्याचा फोन आला. गोड बोलणं, प्रत्येक वाक्याला दादा. पहिलं काम छोटं, एका घराच्या दोन गॅलऱ्या, १,८०० रुपये. खाली उतरलो तर पैसे फोनवर आलेले. आठवड्याने दुसरं, २,६०० रुपयांचं. तेही त्याच संध्याकाळी आले, वर ‘‘दादा, एक नंबर काम’’ असा मेसेज. मी बायकोला म्हटलंसुद्धा, गिऱ्हाईक असावं तर असं. आज मागे वळून बघितलं की वाटतं, ते ४,४०० रुपये त्याने माझ्या कामाचे दिलेच नव्हते. तो गळाला किडा लावत होता.

तिसरं काम मोठं. तीन बंगले, एकूण ११४ पल्ले. त्यातले ३६ अगदी नवे, जमिनीपासून छतापर्यंतचे, सिमेंटचे शिंतोडे आणि रंगाचे थेंब तसेच वाळलेले. ॲडव्हान्स मी १७,००० मागितला. तो म्हणाला, ‘‘दादा, आता पाच घे, ऑफिसची सिस्टिम आहे, काम संपल्यावर एकदम पास होतं.’’ पहिले दोन अनुभव डोळ्यासमोर होते. मी हो म्हटलं.

नव्या काचेबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण पुढे तीच माझ्या अंगावर आली. टफन, म्हणजे भट्टीत तापवून कडक केलेली काच भट्टीतून जाताना तिच्या एका बाजूला काचेचेच बारीक कण चिकटून भाजले जाऊ शकतात. डोळ्याला दिसत नाहीत. साबणाचं पाणी मारून काच ओली करा आणि तळवा हलकेच फिरवा, बारीक पॉलिश पेपरवर हात फिरवल्यासारखं लागलं तर समजा. अशा काचेवर वाळलेला रंग-सिमेंट खरवडायला ब्लेड चालवलं की कण सुटतो, ब्लेडखाली सापडतो आणि खर्र करून ओढला जातो. मागे केसासारखी रेघ राहते, सकाळच्या तिरप्या उन्हात झळकते. दुसऱ्या बंगल्याच्या हॉलमधल्या दुसऱ्याच पल्ल्याला तो आवाज आला. मी जागीच थांबलो. फोटो काढला, त्याला पाठवला आणि बोलून मेसेज टाकला की काच खरखरीत आहे, ब्लेड लावलं तर रेघा उठतील, काय करू. त्याचंही बोलून उत्तर आलं, ‘‘करून टाक दादा, मी बघतो मालकांचं.’’ मी एकवीस वर्षांच्या भाच्याला म्हटलं, चल, परवानगी आहे.

ती परवानगी दुसऱ्या दिवशी माझ्या फोनमध्ये नव्हती. त्याने आमच्या चॅटवर मेसेज आपोआप नाहीसे होण्याची सोय लावून ठेवली होती, चोवीस तासांची. तसं केलं की चॅटमध्ये मधोमध एक बारीक ओळ येते. ती मी बघितली होती. ॲपचं काहीतरी असेल म्हणून सोडून दिली. पैशाच्या माणसाबरोबरच्या चॅटमध्ये ही ओळ दिसली की विचारा का लावलंस, आणि ठरलेला आकडा, ॲडव्हान्स, त्याचा होकार, सगळ्याचे स्क्रीनशॉट त्याच मिनिटाला काढून घ्या. मी एवढं केलं असतं तर हा लेख अर्ध्यावर संपला असता.

काम संपलं शुक्रवारी. पुसलेल्या काचांचे चाळीसेक फोटो त्याने मागून घेतले, मालकांना दाखवायचे म्हणून. शनिवारी एक स्क्रीनशॉट आला, २९,००० एनईएफटी केल्याचा. खाली लिहिलेलं, शनिवार-रविवार बँक बंद, सोमवारी जमा होतील. सोमवारी नाही, मंगळवारी नाही. बुधवारी पासबुक घेऊन बँकेत गेलो. काउंटरवरच्या मॅडमनी स्क्रीनशॉट मोठा करून पेनाच्या टोकाने आकडे मोजले. म्हणाल्या, ‘‘एनईएफटीचा नंबर सोळा अक्षरी असतो, हा बाराच आहे. आणि एनईएफटी २०१९च्या डिसेंबरपासून चोवीस तास चालतं, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. सोमवारची वाट बघायला कोणी सांगितलं तुम्हाला?’’ मागे रांगेत चार माणसं उभी होती. मी पासबुक घडी करून खिशात घातलं, घडी घालायची वस्तू नसताना.

स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. स्वतःच्या खात्यातली शिल्लक वाढली तरच पैसे. याच्या उलटा प्रकार भाच्याबरोबर झाला होता. लष्करात ऑफिसर आहे, बांबोळीला बदली झाली आहे, क्वार्टरच्या खिडक्या पुसायच्या आहेत, असा फोन. ओळखपत्राचा फोटोही पाठवला. पैसे आधी देतो म्हणाला आणि एक क्यूआर कोड पाठवला, ‘‘स्कॅन कर, पिन टाक, तुझ्या खात्यात येतील.’’ पोराने पिन टाकला, २,००० गेले. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन मागितला की पैसे तुमचेच जाणार. असं झालं तर लाजत बसू नका, सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या नंबरवर लगेच फोन करा. भाचा घरी ओरडा बसेल म्हणून तीन दिवस गप्प बसला, तोवर ते पैसे पुढे सरकले होते.

तर वागातोरकडे परत. मी बँकेतून फोन केला तेव्हा मॅनेजरच्या तोंडातला ‘दादा’ गायब झाला होता. ‘‘तुम्ही काचा खराब केल्यात. मालक नुकसानभरपाई मागतायत. मीच सांभाळून घेतोय, गप्प बसा.’’ मी त्या होकाराची आठवण दिली. म्हणाला, ‘‘दाखव मेसेज.’’ त्यानंतर माझा नंबर ब्लॉक.

एकदा पोलिसांकडे जाऊन तसाच परत आलो, मग दीड महिना गप्प बसलो. खरं सांगायचं तर रेघा माझ्याच हातून पडल्या होत्या, म्हणून मनात अपराध होता, आणि हा अपराधच त्याच्या कामी आला. डिसेंबरात नाताळच्या आधी दुसऱ्या कामाला तिकडून जात होतो, तर बंगल्याचं फाटक उघडं दिसलं. मालकीणबाई आल्या होत्या. गाडी लावली, आत जाऊन आधी काचेबद्दल माफी मागितली. त्या बघतच राहिल्या. रेघांचं त्यांना कोणी काही सांगितलंच नव्हतं. त्यांनी फोन उघडून दाखवला. ऑक्टोबरातच दोन हप्त्यांत ५८,००० रुपये त्याला गेलेले, आणि सोबत एक छापील बिल. बिलावर माझं नाव होतं. माझा पत्ता होता. फोन नंबर माझाच, फक्त शेवटचा आकडा बदललेला. मी आयुष्यात बिलबुक छापलेलं नाही.

आम्ही दोघं समुद्राकडच्या मोठ्या काचेपाशी उभे होतो आणि ती काच मिठाने पांढरी झाली होती. बाई म्हणाल्या, ‘‘मी तर पैसे दिले, परत कसे देऊ?’’ त्यांचं चुकलं नाही. बिल आणि पैसे पाठवल्याचा पुरावा दोन्ही त्यांनी मला दिलं, हेच खूप झालं. आधी पोलिसांकडे गेलो होतो तेव्हा हा पैशाच्या देण्याघेण्याचा दिवाणी मामला आहे असं सांगून परत पाठवलं होतं. खोटं बिल दाखवल्यावर अर्ज घेतला. आपण ज्याला चारशेवीस म्हणतो ते कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३१८ झालं आहे, हे मला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलांनी सांगितलं. तिथे सल्ल्याचे पैसे पडले नाहीत. दिवाणी दाव्याला तीन वर्षांची मुदत असते, तेव्हा तीही वाट उघडी आहे. पैसे अजून आलेले नाहीत.

हे गावात सांगितलं की पहिला प्रश्न येतो, तो भायला, म्हणजे बाहेरचा, होता का? ते विचारू नका. म्हापशात माझ्याच तालुक्यातला एक दुकानदार आहे, त्याने १,२०० रुपये दोन चवथी उलटून गेल्या तरी दिलेले नाहीत, आणि भेटला की मिठी मारतो.

आता मी चावीवाल्याला सरळ विचारतो, पैसे कोणाच्या खात्यातून येणार? ज्याच्या खात्यातून येणार त्याच्याशी दोन मिनिटं फोनवर बोलणं झाल्याशिवाय शिडी गाडीवरून उतरत नाही. चावीवाला सरळ असेल तर नंबर लगेच देतो, नसेल तर त्याला राग येतो. निम्मे पैसे सुरुवातीला. मोठं काम असेल तर बंगल्यागणिक हिशेब, एकाचे जमा झाल्याशिवाय दुसऱ्यात पाय नाही. नवी काच असेल तर ब्लेड लावायच्या आधी मालकाचा लेखी होकार. आणि शेवटची खिडकी, रस्त्यावरून सगळ्यात आधी दिसणारी, ती मी मुद्दाम राखून ठेवतो. बाकीचे पैसे आले की ती पुसतो. बाकी घर लख्ख आणि एक खिडकी मळकट असली की मालकाला चैन पडत नाही. काही गिऱ्हाइकं तुटली यात, तुटू देत.

लिहायला बसलो त्याचं कारण गेल्या आठवड्यातला एक फोन. पेडण्याकडचा एक मुलगा, नुकताच या धंद्यात आलेला. एका मॅनेजरने त्याला माझ्या कामाचे फोटो पाठवले होते, हे आमच्याच टीमचं काम म्हणून. त्यातल्या एका फोटोत काचेत माझं प्रतिबिंब पडलं होतं, टी-शर्टवरच्या नंबरासकट, म्हणून त्याने फोन केला. मी सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं, मग म्हणाला, ‘‘पण दादा, मला दोन कामांचे त्याच संध्याकाळी दिले.’’

‘‘आणि तिसरं केवढं आहे?’’

तो जरा थांबला. म्हणाला, मोठं आहे, नव्या काचा आहेत, सोमवारी सुरू करायचंय. ब्लेडची सहा पाकिटं उधारीवर आणून ठेवलीत.