लक्ष्मी रोडजवळची अनलिमिटेड थाळी: जेवण एक नंबर, पण वाढायला जरा हळू घ्या

जेवणाचं आधी सांगून टाकते. अळूची भाजी मस्त, आंबटगोड बरोबर जमलेली, दाणे आणि खोबऱ्याचे काप हात आखडता न घेता घातलेले. मटकीची उसळ अगदी घरच्यासारखी, मसालेभातावर तूप मागावं लागत नाही, जिलबी गरम. मठ्ठा जरा पातळ वाटला पण आलं छान लागत होतं.

माझी तक्रार आहे ती स्पीडची. रविवारी दुपारी नाव लिहून बाहेर उभं राहायचं, आतून फोडणीचा वास येतोय, आणि तोपर्यंत पोटात कावळे ओरडायला लागतात. हे नुसतं मनाचे खेळ नाहीत बरं का, जेवायची नेहमीची वेळ जवळ आली की जठरातून घ्रेलिन नावाचं हार्मोन वाढतं आणि ते मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला भूक लागल्याचं कळवतं, १९९९ साली जपानी शास्त्रज्ञांनी ते शोधलं. त्यात अर्धे लोक पैसे वसूल करायचे म्हणून सकाळचा नाष्टा बुडवून आलेले. मग टेबल मिळालं की एकामागोमाग एक वाढपी येतात, पाणी पिऊन होईपर्यंत ताट भरलेलं, पहिली पुरी संपायच्या आत दुसरी पडलेली. नको म्हणायला तोंड रिकामं तर पाहिजे!

आणि इथेच गोची आहे. जठर ताणलं गेलं की व्हेगस नर्व्हमधून मेंदूकडे सिग्नल जातो तो लगेच, पण खरी तृप्ती येते अन्न आतड्यात उतरायला लागल्यावर. फॅट आणि प्रोटीन तिथे पोचलं की सीसीके नावाचं हार्मोन सुटतं, आतड्याच्या खालच्या भागातून जीएलपी-१ आणि पीवायवाय ही पोट भरल्याचं सांगणारी हार्मोन्स येतात, आणि हे सगळं जाणवायला साधारण १५-२० मिनिटं जातात. इथे तेवढ्या वेळात तुमचा मसालेभात संपलेला असतो आणि फडकं घेतलेला पोऱ्या टेबलाशी घुटमळत असतो.

शिवाय ताटात एवढे प्रकार. एकच पदार्थ खात राहिलं की त्याची ओढ कमी होते पण दुसऱ्या चवीची तशीच राहते, आहारावर संशोधन करणाऱ्या बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात माणसांवर प्रयोग करून हे दाखवलंय. आमचे काका 'आता घासभरसुद्धा नको' म्हणून हात धुवायला उठत होते, तेवढ्यात जिलबीचं ताट आलं. बसले परत. काकूंनी नुसतं बघितलं त्यांच्याकडे.

माझा दीर पण होता बरोबर, तो डॉक्टरांच्या सल्ल्याने वजनासाठी ते आठवड्याचं सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन घेतो. ते जीएलपी-१ सारखंच काम करतं, मेंदूतली भूक कमी करतं आणि सुरुवातीला तर जठरही हळू रिकामं होतं, त्यामुळे त्याचं दोन फुलके आणि उसळीत आटोपलं. वाढपीकाका बिचारे काळजीत, 'साहेब, आवडलं नाही का?' बिल मात्र पूर्ण थाळीचं. अर्ध्या थाळीचा रेट नाही, शेअर करायची नाही अशी पाटी आहे (असणारच, पेठेत आहोत). आता म्हातारी माणसं, लहान पोरं आणि हे इंजेक्शनवाले एवढे वाढलेत की मालकांनी विचार करायला हरकत नाही.

माझं ऐकाल तर मधल्या वारी बाराच्या आसपास जा. गर्दी नसते, वाढपी एखादाच असतो, दोन वाढण्यांच्या मध्ये आपोआप वेळ जातो. मी तशीही जाऊन आले, उसळ आणि कोशिंबीर आधी खाल्ली, पुऱ्या कमीच लागल्या आणि दुपारी ऑफिसात डुलक्याही आल्या नाहीत. पियुष एक्स्ट्रा घेऊ नका, पातळ गोडाने पोट फारसं भरत नाही आणि पैसे वेगळे लागतात. गर्दीतच जायचं असेल तर वाढप्याला बसल्याबसल्या सांगा की मी हाक मारेन तेव्हाच या, ऐकतात ते, चांगले आहेत स्वभावाने.

जेवणाला साडेचार स्टार, सर्व्हिसला तीन. गाडी नेऊ नका, पार्किंग नाही. रविवारी संध्याकाळी बंद.