५००० वॅटचा टॉवर आणि हरवलेले तंबोरे

परवा बेळगावच्या उद्यमबागेतून घरी येताना बघितलं, त्याच मैदानावर पुन्हा सेलचा मांडव पडतोय. म्हणून लिहायला बसलो. गेल्या खेपेला त्या मांडवात मी साडेआठ हजार घालवून आलो.

मी मशीन शॉपमध्ये आहे. दिवसभर मायक्रोमीटर हातात. दोन शतांश मिलिमीटरचा फरक आला तरी पार्ट रिजेक्ट करणारा माणूस, आणि ‘सर, उचलून तर बघा’ एवढ्यावर भुललो. टॉवर स्पीकर खरंच जड होता. जड म्हणजे आत मोठं मॅग्नेट, दणकट ट्रान्सफॉर्मर, हे माझं मीच ठरवून टाकलं. खोक्यावर ‘५००० वॅट पीएमपीओ’ (म्हणजे म्हणे क्षणभराची कमाल ताकद), छापील किंमत पस्तीस हजार, ‘डिस्प्लेचा पीस म्हणून तुम्हाला साडेआठला’. विकणारा पोरगा माझ्याशी मराठीत, शेजारच्या गिऱ्हाइकाशी कन्नडमध्ये, दोन्हीकडे तितकाच गोड.

डेमोची गंमत नंतर कळली. शेजारी एक छोटा सेट ठेवलेला, त्यावर गाणं बारीक आवाजात लावायचं आणि लगेच तेच टॉवरवर थोडं मोठ्यानं. जरा मोठा आवाज कानाला नेहमीच जास्त भरदार वाटतो. गाणंही नुसतं धडधडाटाचं. मी आबांच्या भजनांचा पेनड्राइव्ह नेला होता, तर म्हणे, ‘यूएसबी लॉक आहे सर, घरी चालू होईल.’ तिथंच मागं फिरायला हवं होतं.

घरी आबांनी कुमारांचं भजन लावायला सांगितलं. कुमार गंधर्वांचं जन्मगाव सुळेभावी आपल्याच जिल्ह्यातलं, त्यामुळं आबा त्यांच्यावर घरच्यासारखा हक्क सांगतात. दोन मिनिटं ऐकून म्हणाले, “तंबोरे कुठं गेले रे?”

खरंच नव्हते. कुमारांच्या गाण्यात तंबोरे कुठंतरी मागं वाजत नाहीत, सगळी खोली भरून टाकतात. जवारीचा, म्हणजे घोडीवर तार घासून उठणारा, तो झणकार म्हणजे मूळ सुराच्या वर कितीतरी हजार हर्ट्झपर्यंत चढत जाणारे बारीक स्वर. ते ट्वीटरनं, म्हणजे उंच स्वरांच्या छोट्या स्पीकरनं, काढायचे. इथं ते गायबच, आणि डग्गा मात्र प्रत्येक ठोक्याला एकसारखा ‘भुम्म’. मींड नाही, घुमारा नाही. आवाज वाढवला तर गळाच फाटला.

शहापुरातल्या ओळखीच्या मेस्त्रीनं मागची फळी खोलली. चार स्पीकर दिसायचे, वायर गेलेली एकालाच. वरचे दोन ‘ट्वीटर’ म्हणजे नुसत्या प्लॅस्टिकच्या चकत्या, तिसऱ्याच्या मागं मॅग्नेटच नाही. तळाला सिमेंटचा ठोकळा चिकटवलेला. मेस्त्रीनं त्यावर पान्हा वाजवला. “सर, वजन हितं हाय की हो.”

ट्रान्सफॉर्मरवर छापलेलं होतं: १२-०-१२, २ अँपिअर. म्हणजे दोन टोकांत मिळून चोवीस व्होल्ट. चोवीस गुणिले दोन, अठ्ठेचाळीस. आत ४८ वॅट येत असतील तर बाहेर ५००० कुठून निघणार? एवढे वॅट सलग काढायचे तर २३० व्होल्टला एकवीस अँपिअरच्या वर ओढले असते, आणि त्याचा प्लग साधा ६ अँपिअरचा. प्लग तर मांडवातसुद्धा डोळ्यासमोरच होता. हे गणित मी कामावर रोज करतो, याचं जास्त वाईट वाटलं.

पीएमपीओला कसलंच ठरलेलं माप नाही. कंपनी लिहील तो आकडा. बघायचं ते आरएमएस, म्हणजे सेट सलग देऊ शकतो ते वॅट. आणि त्यातही वॅट दुप्पट झाले तरी आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. मेस्त्रीच्या मते घरच्या हॉलला खरे वीस-तीस वॅट पुष्कळ.

आता मी कुठंही सेट ऐकायचा तर पाठ असलेलं गाणं घेऊन जातो. दोन्ही सेटचा आवाज सारखा करायला लावतो, मग दोन्ही कमी करायला सांगतो. हळू आवाजात तंबोरा ऐकू येतो का, गवयाचा श्वास कळतो का, तबल्याची चाट (काठावरचा ठोका) डग्ग्यापासून सुटी पडते का, एवढंच. लावू देत नसतील तर चहा पिऊन घरी.

मैदानावर परत गेलो तेव्हा तिथं बांबूंचे खड्डे तेवढे राहिले होते. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन लावला. त्यांनी विक्रेत्याचं नाव आणि पत्ता विचारला. मी पावती उलटसुलट करून पाहिली. वर ‘महासेल’, खाली ‘माल परत घेतला जाणार नाही’, आणि मधे माझंच नाव.